'बागबान', टाइपरायटर आणि कुरकुरणारी खुर्ची

नमस्कार काका,

(तुम्हीच 'पंच्याहत्तरीचा काका समज' असं लिहिलंत, म्हणून.)

'बागबान' या हिंदी सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मी म्हाताऱ्या माणसांच्या दुःखाला 'रडारड' म्हटलं, नालायक मुलांची बाजू घेतली, आणि लिहिताना मला स्वतःचे आईवडील आठवले नाहीत. 'रडारड' मागे घेतो, चुकलंच ते. बाकीच्यावर भांडणार आहे.

अमिताभचा राज मल्होत्रा रात्री टाइपरायटर बडवतो आणि घरातल्यांची झोप मोडते. 'एवढंही सहन होऊ नये?' असं तुम्ही विचारता. सकाळी डबा करून कामावर पळायचं असेल तर नाही होत, काका. पण त्या तक्रारीत तथ्य असलेलं दिग्दर्शक रवि चोप्रांना परवडत नाही. सुना दुष्टच हव्यात, नाहीतर शेवटच्या भाषणाला टाळ्या कशा पडणार?

म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांनी वाटून घेण्याचं हेच दुखणं लिओ मॅकॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाने १९३७ साली 'मेक वे फॉर टुमारो' या सिनेमात मांडलंय. घर बँकेकडे जातं, पाच मुलांपैकी कुणालाच दोघं एकदम झेपत नाहीत, म्हणून आई एकाकडे, वडील दुसरीकडे. तिथली सून घरी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची शिकवणी घेते, त्याचे चार पैसे येतात. सासूबाई ऐन वर्गात येऊन झुलत्या खुर्चीत बसतात. खुर्ची कुरकुरते, शिकायला आलेली मंडळी वैतागतात. मग नवऱ्याचा फोन येतो आणि म्हातारी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला लागते. आधी नको वाटतं, हळूहळू अख्खी खोली गप्प होते. सुनेचं चुकत नाही, सासूचंही नाही. शेवटी नवऱ्याची गाडी सुटते, म्हातारी फलाटावर उरते, संपलं. स्टुडिओला गोड शेवट हवा होता, मॅकॅरी बधला नाही.

'बागबान'मध्ये (२००३) राजची कादंबरी तुफान खपते, पैसा आणि मान दोन्ही मिळतात, मुलांचं नाक कापलं जातं. पुस्तक पडलं असतं तर? (मराठीत लिहिलं असतं तर पाचशेची आवृत्ती अजून माळ्यावर असती.) आणि चार मुलगे, मुलगी एकही नाही. आईवडिलांच्या पोटगीचा २००७चा कायदा 'मुलं' म्हणताना मुलगी धरतो, सून नाही. सिनेमाने मात्र निम्मं पाप सुनांच्या पदरात टाकलंय.

आता आईवडील. माझी आजी सहा महिने आमच्याकडे, सहा महिने काकाकडे असायची. तिची बॅग कायम पलंगाखाली, अर्धी भरलेली. टीव्हीवर 'बागबान' लागला की आजी पदराने डोळे पुसायची, शेजारच्या काकू हुंदके द्यायच्या आणि मध्येच आईकडे बघायच्या. आई तेव्हा ओट्याशी पोळ्या लाटत असायची. रात्री आजीला उठवून संडासला नेणारीही तीच. बाबा आजीच्या शेजारी बसून सिनेमा बघायचे, त्यांच्याकडे कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

'हा लेख आईला वाचून दाखव,' असं तुम्ही लिहिलंत. दाखवला. आई म्हणाली, "आजींना तो शेवट फार आवडायचा रे. राहू द्यायचं होतंस."