अंतराळवीराने क्रुझरमध्ये कुठं बसावं

मे महिन्यात लातूरहून सतरा माणसांनी एका क्रुझरमध्ये बसून परळी, औंढा आणि वेरूळ अशी तीन ज्योतिर्लिंगं करायची ठरली, की सगळ्यात आधी मोबाईल चार्जिंगला लावा आणि लाडक्या अंतराळ-मालिकेचा अख्खा सीझन उतरवून घ्या. कपडे बायको भरते. आईच्या गोळ्या वहिनी बघते. पाण्याचा जार दाजी आणतात. तुमच्या वाट्याला फक्त तारीख ठरवायचं काम येईल, ते मात्र मन लावून करा. शुक्रवारी नवा सीझन सुरू होतोय, म्हणजे बुधवारी रात्री घरी पोचलं पाहिजे, म्हणजे मंगळवारी वेरूळ, सोमवारी औंढा, रविवारी परळी. रॉकेट सोडताना मोजतात तसं उलटं मोजत या. आत्याने पंचांग काढलंच तर ‘दिवस चांगला आहे’ एवढंच म्हणा आणि विषय बदला.

गाडीत बसताना मागचं आडवं बाकडं पकडा. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला उतरून रस्ता विचारावा लागतो. मधल्या सीटवरच्याच्या मांडीवर लेकरं येतात. मागं मात्र गुडघ्याला धपाट्यांचा डबा आणि पाठीला पिशव्या लागल्या की माणूस असा काही पक्का बसतो, की उठून कुणाला काही द्यायचा प्रश्नच उरत नाही. इअरफोन लावा. गाडीचं नाव क्रुझर आहे, तुमच्या मालिकेतलं यानही क्रुझरच आहे; आता फरक फक्त एवढाच की तिथल्या टपावर गाद्या बांधलेल्या नसतात.

गर्दीबद्दल कुणी कुरकुर केली तर इअरफोन एका कानातून काढून ज्ञान द्या. सांगा, की १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत एक यान आहे. बाहेरून निळी पेटी, लंडनच्या पोलिसांच्या टेलिफोनची. एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. आत शिरलं की मोठाले दिवाणखाने. कल्पना करा, आत मोठं आणि बाहेर लहान!

“मग त्यात नवीन काय?” आत्या म्हणेल. “बारा सीटची गाडी आहे, सतरा बसलेच की.”

खचू नका. लेकरं ‘कधी येणार, कधी येणार’ करू लागली की ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ट्रान्सपोर्टरचं सांगा. तबकडीवर उभं राहायचं, अंगावर चमचम झाली की थेट ग्रहावर. ना डिझेल, ना टोल. हे १९६६ सालचं डोकं. मात्र दर आठवड्याला अख्खं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून निर्मात्यांनी ही युक्ती काढली, हे चुकूनही बोलू नका. बोललात तर दाजी, ज्यांनी किलोमीटरच्या भावावरून गाडीवाल्याशी तीन दिवस घासाघीस केलीय, ते उजळ माथ्याने मागं वळून म्हणतील, “म्हणजे तिथं बी बजेटच होतं म्हणा की.” आणि पुढचे साठ किलोमीटर ते तुमच्या मालिकेचे चाहते राहतील. चाहता वाढणं धोक्याचं, त्याला बसायला जागा करून द्यावी लागते.

परळीत फार काही करायचं नाही. औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या की ‘हुबेहूब परग्रह’ म्हणून फोटो काढा. रांगेत कुणी ‘दहा मिनिटांत नंबर लागतो’ म्हटलं, तर कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास काढला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात, हा ‘इंटरस्टेलर’ सिनेमातला हिशोब पुढच्या माणसाला समजावून सांगा. तो अडीच तास तुमच्या पुढंच असणार आहे, जाणार कुठं?

गंगाखेड सोडल्यावर चाक बसेल. दाजी ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतील आणि सगळे खाली उतरतील. हा प्रसंग नीट हाताळा. जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्ये ग्रहावर उतरलेल्या तुकडीत लाल शर्टातला अनोळखी जवान दिसला की समजायचं, हा काही परत येत नाही. प्रत्येक घरात असा एक लाल शर्ट असतो. तुमच्याकडे तो म्हणजे बारावीत दोनदा बसलेला चुलत भाऊ. ‘पाणी आण’, ‘पंक्चरवाला बघ’, ‘रांगेत उभा राहा’, सगळं त्याच्यावर. त्याला जॅक कुठं ठेवलाय ते माहीत आहे. तुम्हाला प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या इंजिनाचे तीन प्रकार माहीत आहेत. तेव्हा तुम्ही सावलीला उभं राहून ते सांगा.

तेवढ्यात सत्तरी गाठलेली आत्या इरकलीचा काष्टा सावरत शेताच्या बांधावरून एक धोंडा उचलून आणेल आणि मागच्या चाकाला लावेल. “गाडी उताराला हाय. आधी धोंडा लावा, मग जॅक.” ड्रायव्हर मान डोलावेल. चुलत भाऊ पान्ह्यावर पाय देऊन उभा राहील, नट किर्रर्र करून सुटेल. तुम्ही तोवर कॅप्टनची खुर्ची नेमकी कुणाची, असला विचार डोक्यात येऊ देऊ नका. ऊन डोक्यात जातं तेव्हा असले विचार येतात.

पुन्हा बसताना बायको आणि आत्या शेजारी आल्या तर सांभाळून. बायको सहज म्हणेल, की या वेळी पैठणला गेलो असतो तर पैठणी बघितली असती. झालं. तुमच्या मालिकेतल्या माणसांना काळात मागं जायला यंत्र लागतं, आत्याला ‘पैठणी’ एवढा शब्द पुरतो. गाडी परभणीच्या वेशीवर आणि आत्या १९९८ सालच्या मांडवात. आहेरात कोणी पैठणी सांगून सेमी दिली, ती धुण्यात कशी उतरली, कुणी कुणाकडे बघून हसलं, सगळं घडतंय तसं ऐकू येतं. त्या वेळी बायको नऊ वर्षांची होती हा मुद्दा न्यायालयात चालेल, क्रुझरमध्ये नाही. आई म्हणते “जाऊ द्या हो वन्स”, त्याने आगीत तेलच. वहिनी खिडकीबाहेर बघत ओठ आवळते. बायको तुमच्याकडे बघते.

इथं ‘स्टार ट्रेक’मधला पहिला नियम वापरा: आपल्यापेक्षा मागं असलेल्या संस्कृतीच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही. वरवर बघता हा भित्रेपणा वाटतो, पण इंग्रजीतून म्हटला की तत्त्व वाटतो. आवाज दोन घरं वाढवा आणि पुढचा भाग लावा.

आता औंढा. हीच तुमची जागा. इथं जवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केलेत. नागनाथाचं दर्शन उरकलं की भर दुपारी एक वाजता, बेचाळीस डिग्रीत, गाडी माळाकडे वळवायला लावा. सतराही जणांना उतरवा. समोर माळ, बाभळी आणि एक शेळी. दोन ओढण्या मागून घ्या आणि त्या लेकरांकडून काटकोनात ताणून धरा. सांगा, या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. लेसर दोन्हीकडे जातो, आरशावर आपटून परत येतो. दूरवर कृष्णविवरं भिडली की अवकाशच थरथरतं, एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिल्यांदा हे सापडलं, टक्कर झाली होती एकशे तीस कोटी प्रकाशवर्षं लांब. आणि भुजेतला फरक किती? प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी!

शेळी ओढणी खाऊ लागेल. तरी थांबू नका.

“म्हणजे भांडण झालं तेव्हाचं, आणि कळलं आत्ता,” आत्या म्हणेल आणि बायकोकडे तिरकं बघेल.

आई वेगळंच बोलेल. “अरे, नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करा म्हणले, तर इथं अख्खं देऊळ फिरलं. दगडाचं. आजबी नंदी मागल्या बाजूला हाय. त्याला कुठं चार किलोमीटरची नळी लागली?” याला उत्तर शोधू नका, अमेरिकेतही नाही. आई हे पाण्याच्या जारवर बसून बोलतेय, हेही बघू नका. बघितलं तर का बसलीस विचारावं लागेल, मग ती सांगेल की इथला गाभारा जमिनीखाली, वाकून पायऱ्या उतराव्या लागतात आणि कालपासून गुडघा धरलाय. प्रवासात अशा गोष्टी निघाल्या की वेळ फार जातो.

या यंत्राचं खरं कसब म्हणे ऐकण्यात नाही, गाळण्यात आहे. ट्रकची धडधड, वाऱ्याचा जोर, जमिनीचा थरकाप, सगळं वगळून हवं तेवढंच धरायचं. या बाबतीत तुम्ही लायगोच्या पुढं आहात. बायको परभणीपासून एक शब्द बोललेली नाही, हे तुम्हाला जालन्यात वहिनीने सांगितल्यावर कळतं.

मंगळवारी सकाळी आधी घृष्णेश्वर. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातलं काढून जावं लागतं, तेव्हा अवकाशयान छापलेला टी-शर्ट घडी करून बायकोच्या हातात द्या. ती घेईल. बोलणार नाही. हा समेटाचा संकेत समजा आणि सगळ्यांना लगबगीने लेण्यांकडे न्या. वाटेत कैलास लेण्याची प्रस्तावना सुरू करा: एकच खडक, वरून खाली कोरलेला, आधी कळस मग पाया, हे माणसाचं काम असूच शकत नाही, हे नक्की परग्रहावरून…

“काका, तिथं छिन्नीच्या खुणा हायत,” सातवीतला पुतण्या म्हणेल. “भिंतीवर दिसतात. एलियन्सनी छिन्नी कशाला वापरली? सर म्हणले राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळातलं हाय, आठव्या शतकातलं.”

“तू कधी बघितलंस?”

“शाळेची सहल आलती की.”

तोवर तुम्ही फाटकाशी पोचलेले असाल. फाटक बंद. आत माकडं, बाहेर सतरा माणसं. दाजी पाटी वाचतील, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून: मंगळवारी बंद. आत्या पाटीखालीच सावली धरून बसेल आणि धपाट्यांचा डबा उघडेल. तुम्ही पुतण्याला बाजूला घ्या आणि आवाज शक्य तितका खाली ठेवून विचारा, की तुला मंगळवारचं माहीत होतं?

“व्हय.”

“मग सांगायचं नाही का रे?”

“सांगितलं की. लातुरातच. दोनदा.” तो धपाट्यात चटणी गुंडाळत म्हणेल. “तुम्ही इअरफोन लावलेले.”