शेवळांबरोबरची काकडं

मे संपता संपता वळवाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की दादर, मुलुंड, ठाणे, बोरिवली इथल्या स्टेशनांबाहेर सागाच्या पानांवर शेवळांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. शेजारी हिरव्या गोट्यांसारखी काकडं, म्हणजे काकड या रानझाडाची आंबट फळं. गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार ऐकू येतं: "मावशी, काकडं नकोत, नुसती शेवळं द्या." मावशी समजावते, पण घेणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी जास्तीचं गळ्यात मारतेय. घरी भाजी होते, घास घेतल्याबरोबर घसा खवखवतो, आणि "शेवळं खाजरीच असतात, पुन्हा नको" असा निकाल लागतो.

खाज शेवळांची आहे हे खरंच. पण तिच्यावरचा उतारा त्याच टोपलीत होता. निवडणं आणि जोड हे रानभाजीचं अर्धं अंग आहे, आणि रस, पावडर, कच्चं सॅलड यांच्या नादात मुंबईत आपण नेमकं तेच टाकून देतोय, असं माझं ठाम मत आहे.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पान नंतर येतं, फूल आधी. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचे जुडगे असतात. चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात रुततात, आणि त्यांच्यासोबतची काही प्रथिनं आग वाढवतात. प्रथिनं आचेनं मोडतात, पण सुया नुसत्या उकळून विरघळत नाहीत. म्हणून भरपूर शिजवणं आणि आंबट, दोन्ही लागतं. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल का पडतं, त्याचंही कारण हेच.

साफ करायची रीत अशी. आधी हाताला तेल चोळा, विळीला किंवा सुरीलाही लावा. बाहेरची जाड, हिरवट सालं काढून टाका. आत तांबूस-जांभळट आवरण असतं, ते उकललं की मधला दांडा दिसतो. त्या दांड्यावर खालच्या बाजूला पिवळसर दाणेदार भाग असतो. तो पूर्ण काढायचा, एक दाणाही ठेवायचा नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. घाईत दांडा मोडून पिवळा भाग टाकतात, पण सुटलेले दाणे आवरणाच्या घडीत अडकून राहतात आणि चिरताना सगळ्या भाजीत मिसळतात. म्हणून आवरण उघडून झटका, मगच चिरा. आवरण आणि दांड्याचा वरचा गुळगुळीत भाग घ्यायचा, अगदी बारीक चिरून.

वीसेक शेवळांना दहा-बारा काकडं धरा. काकडं ठेचून बिया काढा, वाटीभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, कुस्करून गाळून घ्या. कढईत नेहमीच्या भाजीपेक्षा दुप्पट तेल घाला. चिरलेली शेवळं मध्यम आचेवर परतत राहा. ती आक्रसून निम्मी होतात आणि रंग गडद होतो. आता काकडांचं पाणी घाला आणि झाकण ठेवून किमान वीस मिनिटं शिजवा. आंबट शेवटी चवीपुरतं घालणं ही दुसरी नेहमीची चूक, कारण मग त्याला शेवळांत मुरायला वेळच मिळत नाही. कोलंबी, सोडे किंवा वालाचं बिरडं त्यानंतर. पूर्ण शिजेपर्यंत चमच्यानंही चव पाहू नका. सीकेपी, पाठारे प्रभू आणि आगरी घरांत शेवळांच्या रीती वेगवेगळ्या आहेत, खोबऱ्याचं वाटण कुणी घालतं, कुणी नारळाचं दूध, पण आंबटाशिवायची शेवळं कोणत्याच घरात होत नाहीत. काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेचा घट्ट कोळ चालतो, चव मात्र निराळी येते. एवढं करूनही घसा खाजलाच तर पाण्याचे घोट उपयोगाचे नाहीत, आमसूल चघळा किंवा दही खा. ओठ-जीभ सुजली, श्वास जड झाला तर घरगुती उपाय बंद, थेट दवाखाना.

टाकळ्याचं प्रकरण वेगळं, तिथे प्रश्न झाड नीट ओळखण्याचा. जूनच्या मध्यापासून मुंबईत मोकळी जागा दिसेल तिथे टाकळा उगवतो. तीन जोड्या पर्णिका, टोकाला गोल, बुंध्याकडे निमुळत्या, आणि संध्याकाळ झाली की मिटणाऱ्या. त्याच्याच शेजारी बऱ्याचदा कासविंदा असतो, त्याला काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या, टोकाला अणकुचीदार. देठाच्या अगदी बुडाशी एक फुगीर ग्रंथी असते. टाकळ्यात तशा ग्रंथी खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये दिसतात. वासावर जाऊ नका, चुरगळल्यावर दोघांनाही उग्र वास येतो. हे नुसतं वनस्पतिशास्त्र नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना वर्षानुवर्षं होणारा एक जीवघेणा आजार, ज्यात यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम बिघडतात, तो कासविंद्याच्या बिया खाण्यामुळे होतो असं तिथल्या डॉक्टरांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं.

टाकळा वीतभर उंच असतानाच घ्यावा. फूल दिसलं की पाला चिवट आणि कडवट होतो. शिवाय त्यात रेचक घटक असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी वाडगाभर खाल्ला तर पोट बिघडणारच. फोडणीत भरपूर लसूण, सुकी मिरची, कांदा, मग पाला, आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या किंवा भिजवलेली मूगडाळ. झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा, भाजीत पाणी घालू नका.

कुरडू, भारंगी यांवर फार लिहायला नको. कुरडूचा तुरा यायच्या आत पाला खुडायचा. भारंगीचा कोवळा पाला उकळून, पाणी पिळून टाकूनच फोडणीला द्यायचा, नाहीतर कडूपणा जात नाही.

बांबूच्या कोंबांना, म्हणजे वास्त्यांना, मात्र थोडा वेळ द्या. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. सालं काढून पातळ चकत्या किंवा कीस करा, कारण जाड तुकड्यांतून ते नीट बाहेर पडत नाही. रात्रभर भरपूर पाण्यात ठेवा, सकाळी पाणी फेका, नव्या पाण्यात भांडं उघडं ठेवून वीस-तीस मिनिटं उकळा आणि तेही पाणी फेका. उघडंच का, तर जो वायू निघतो तो उडून जायला हवा. कुकर लावून वेळ वाचवण्याची ही जागा नव्हे. "पाण्यात जीवनसत्त्वं जातात" म्हणून ते पाणी आमटीत घालणारे सल्ले व्हिडिओंमध्ये दिसतात, ते साफ चूक आहेत.

फोडशी ही त्या मानानं गरीब भाजी. पातीच्या कांद्यासारखी दिसते, चवही थोडी तशीच. बुडाशी पात्यांच्या बेचक्यात माती बसते, म्हणून पाती सुटी करून तीन पाण्यांतून धुवा, मधला जाड दांडा निघाला तर काढा. हिच्याच कुळातली सफेद मुसळी, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. आपल्या बोरिवलीवरून ठेवलेलं हे नाव झेवियर्सच्या फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी दिलं. मुंबईकरांना याचा अभिमान वाटायला हवा, आणि काळजीही. कारण मुळ्यांना औषधबाजारात भाव आला आणि ती उपटून उपटून रानातून कमी झाली. पाती कापली तर मूळ पुन्हा फुटतं, मूळ खणलं की झाड संपलं.

फोडशी स्वतः तोडायला निघणाऱ्यांनी कळलावी ही विषारी वेल डोळ्यांसमोर ठेवावी. त्याच हंगामात, त्याच उतारावर तिचे कोंब वर येतात. मोठ्या वेलीच्या पानाचं टोक वेटोळं होतं, पण अगदी कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना ते वेटोळं नसतं. तिच्यात कोल्चिसिन हे विष असतं आणि ते शिजवून जात नाही. कंद तर सर्वांत घातक.

आता गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले. 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले, सगळ्यांच्या पोटात गुळवेल गेलेली. ही नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की वेल ओळखण्यात चूक झाली असावी. मला या वादात एवढंच दिसतं की दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या तरी आपलं वागणं चुकीचंच ठरतं. गुळवेलीची एक बहीण आहे, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात, फुलाला तीन पाकळ्या. आपल्या गुळवेलीच्या खोडाची साल पातळ, पापुद्र्यासारखी सुटणारी, त्यावर बारीक पांढरट ठिपके, आणि फुलाला सहा पाकळ्या. सोसायटीच्या कुंपणावर हृदयाच्या आकाराचं पान दिसलं म्हणून वेल कापून रोज पिणं ही औषधयोजना नव्हे. मात्रा वैद्यानं ठरवायची असते आणि ती काही दिवसांपुरती असते. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर मुळीच हात लावू नका.

कुठून तोडायचं, याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पान तोडणंही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. रानाच्या आधारानं जगणाऱ्या समाजांचे वनोपजावरचे हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात आहेत, ते तुमच्या-माझ्या रविवारच्या सहलीला लागू होत नाहीत. रुळांलगत तणनाशक मारलं जातं, नाल्याकाठच्या मातीत काय काय मुरलंय ते धुऊन जाणारं नाही, आणि हायवेच्या कडेचा टाकळा कितीही तजेलदार दिसला तरी तो धूर आणि धूळ खाऊन वाढलेला असतो. मुंबईत राहणाऱ्यानं रानभाजी विकत घ्यावी, हेच मला पटतं.

ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. चांगली गोष्ट आहे, करटोली तेव्हा भरात असते. पण शेवळं तोवर संपलेली आणि टाकळा निबर झालेला असतो. असा एखादा दिवस जूनमध्ये स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर मिळाला, पाऊस न लागणारी चार हात जागा बायांना मिळाली, तर जास्त उपयोग होईल. कसारा, कर्जत, डहाणू या बाजूंनी पहाटेच्या गाडीनं टोपलं घेऊन येणारी बाई आदल्या दिवशी रानात फिरलेली असते, रात्री जुड्या बांधत बसलेली असते. तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्यापेक्षा विचारा: कधी खुडलीय, कोणता भाग टाकायचा, किती शिजवायची, सोबत काय घालायचं. ती नीट सांगते, आणि तिचं सांगणं कोणत्याही रीलपेक्षा भरवशाचं असतं. शेवळांचा वाटा घेताना तिच्याकडची काकडं संपलेली असतील, तर त्या दिवशी फोडशी घ्या.