नळदुर्गचा पाणीमहाल दमयंतीचा नाही, आणि पुरात तिथे जायचं नाही

काल रात्री आत्याने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. "सोलापूर जिल्ह्यातला दोन हजार वर्षांपूर्वीचा राणी दमयंतीचा उन्हाळी महाल. इंजिनिअरांनाही न उलगडलेलं कोडं. वरून नदी कोसळते पण आत थेंब येत नाही, म्हणून पूर असतानाच बिनधास्त जा." खाली भाच्याचं उत्तर : "रविवारी आम्ही चौघं निघतोय." मग मला गप्प बसवेना.

आधी ते "बिनधास्त". पाणीमहाल म्हणजे बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीत ठेवलेल्या खोल्या. तिथे जायचं तर धरणावर जावं लागतं आणि भिंतीतल्या पायऱ्या उतराव्या लागतात. नदी भरून वाहते तेव्हा दगड ओला असतो, शेवाळाने निसरडा असतो. आतल्या सज्जात माणूस कोरडा राहील, पण तिथवर पोचताना पाय घसरला तर खाली खोल दरी आहे. पोरांना पुरात तिकडे जायला सांगणाऱ्याने ती वाट कधी उतरलेली नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

कोडं वगैरे काही नाही. जादा पाणी 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांतून खाली पडतं, खोल्या जाड भिंतीच्या पोटात राहतात. पाण्याला आधीच वाट करून दिली की ते खोलीत कशाला शिरेल? हे त्या काळच्या कारागिरांचं नेमकं गणित आहे. त्याला चमत्कार म्हणून आपण त्यांचं श्रेय काढून घेतो.

आता दमयंती. नळराजाची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, पण म्हणून हे धरण त्याचं होत नाही. धरणावर फारसी शिलालेख आहे. त्यात हिजरी 1022, म्हणजे इसवी सन 1613 हे साल आहे. तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता. सरस्वतीचा भक्त, 'जगद्गुरू' म्हणून ओळखला गेलेला हा सुलतान. दगडात साल कोरलेलं असताना त्यात आणखी सोळाशे वर्षं घालायची कशाला? किल्ल्याची जागा आदिलशाहीच्या आधीची आहे, गावाचं नाव लोक नळराजाशी जोडतात, हे मान्य. पण पाणीमहाल इब्राहिमच्या काळातला.

"उन्हाळी" हे अर्धंच खरं. एवढ्या जाड दगडी भिंतीत, शेजारी पाणी, म्हणजे वैशाखातही गारवा असणारच. पण मेसेजमधला तो पाण्याचा पडदा धरण भरून वाहायला लागल्यावरच दिसतो, म्हणजे पावसाळ्यात. एप्रिलमध्ये नाही.

आणि नळदुर्ग आपल्या सोलापूर जिल्ह्यात नाही, धाराशिवच्या तुळजापूर तालुक्यात आहे. हैदराबाद रोडने आपल्याला जवळ पडतं, एवढंच.

भाच्याला रात्रीच फोन केला. पाणी ओसरल्यावर जायचं ठरलंय, मीही सोबत जाणार आहे. तो शिलालेख त्याला दाखवायचाय. आत्या, तो मेसेज तेवढा डिलीट कर.