‘थोडा अभ्यास करून लिहा’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मातीतल्या पाण्याचे समस्थानिक, म्हणजे त्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनची हलकी नि जड रूपं, मोजण्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘मातीची पिशवी फुगवून वाफ मोजणं हा पोरखेळ आहे. निर्वातात तापवून पाणी काढणं हीच खरी पद्धत. भेगांतून उतरणारं पाणी तर लेखात नाहीच. थोडा अभ्यास करून लिहा.’ मतभेदाला ना नाही. पण पोरखेळ? वर्षानुवर्षं मातीचे गाभे कापतोय, ही भाषा ऐकायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

एक चूक कबूल. मी नुसतं ‘प्लास्टिकची पिशवी’ म्हटलं. साध्या पिशवीतून वाफ निसटते. ॲल्युमिनियमचा थर असलेलीच हवी. दुरुस्त केलंय.

आता आपली ‘खरी पद्धत’. नळीतली माती साधारण 100 अंशांवर तापवायची, वाफ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या सापळ्यात गोठवायची. हलकं पाणी आधी उडतं, जड मागे रेंगाळतं. घाईनं थांबवलंत की हाती आलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा हलकं. म्हणून नंतर तीच माती 105 अंशांवर भट्टीत वाळवून पुन्हा वजन करतात; 98 टक्क्यांहून कमी पाणी निघालं असेल तर नमुना बाद. हे आपण करता का? प्रतिक्रियेत तरी दिसलं नाही. बरं, वाळूत हे सगळं जमून जातं. चिकणमातीच्या पापुद्र्यांत धरलेलं पाणी 100 अंशांना सहज दाद देत नाही. वाळवलेल्या चिकणमातीत माहितीचं पाणी, म्हणजे ज्याचे समस्थानिक आधीच मोजलेत ते, मुरवा, तापवून काढा, आणि टाकलं तेच परत मिळतं का ते बघा.

आता पिशवी. तिच्यात माती नि कोरडी हवा भरून दोन-तीन दिवस ठेवली की वाफ आणि पाणी समतोलात येतात. वाफ पाण्यापेक्षा किती हलकी, ते तापमान ठरवतं: खोली 1 अंशानं बदलली तरी ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) माप साधारण 1 प्रति हजार सरकतं. म्हणून माहितीच्या पाण्याच्या पिशव्या त्याच फळीवर, त्याच दिवशी लावायच्या. फार दिवस ठेवल्यात तर सूक्ष्मजीवांचा कार्बन डायऑक्साइड नि मिथेन साचतो आणि वाफेतले समस्थानिक मोजणारं लेझरचं यंत्र फसतं. एवढं सांभाळूनही पोरखेळच म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

भेगांचं म्हणाल, तर लेख नमुन्यातून पाणी कसं मोजायचं यावर होता. ते कुठल्या वाटेनं आलं यावर नव्हता. तेवढं वाचायचं राहिलं असावं.

पुन्हा लिहाल तेव्हा आपल्या मातीत चिकण किती टक्के आणि भट्टीनंतरचं वजन किती, हे दोन आकडे द्या.