खुलासा : ‘नैराश्याच्या गोळ्या थोतांड, आजच बंद करा’ या मेसेजबद्दल

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘लंडनच्या संशोधकांनी सिद्ध केलं, नैराश्याच्या गोळ्या थोतांड. आजच बंद करा.’

यातलं अर्धंच खरं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं, याला ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ हे दवाखान्यातलं वाक्य जरा जास्तच सोपं होतं. निदानही रक्त तपासून नव्हे, बोलून, लक्षणं बघून होतं. गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्या तासगावच्या शेतकऱ्याची झोप उडाली, तर त्याला आजार म्हणायचं की कर्ज? हा प्रश्न मलाही रास्त वाटतो.

पण गोळ्यांनी बरं वाटतं की नाही, हे त्या आढाव्यात तपासलंच नव्हतं! आणि ‘आजच बंद करा’ हे तर घातक. अचानक सोडल्यास चक्कर, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. मूळ त्रासही उलटू शकतो. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच उतरवतात, कधी कधी कित्येक महिने लागतात. शंका असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं.