शेजारच्या ताऱ्यांवरून आकाशगंगेचा इतिहास: थापा की मोजमाप?

सध्या एक मजकूर फिरतोय: 'तारे म्हणजे हायड्रोजन-हेलियमचे गोळे, सगळे सारखेच. तिथे कुणी गेलेलं नाही, नमुना आणलेला नाही. शेजारच्या चार ताऱ्यांवरून आख्ख्या आकाशगंगेचा इतिहास सांगणं म्हणजे थापा.'

आधी नमुन्याचं बघू. ताऱ्यांचं रसायन माणसाला कधीच कळणार नाही, असं ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ मध्येच लिहिलं होतं. १८५९ मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषांवरून मूलद्रव्यं ओळखून दाखवली. (कोंत दोन वर्षं आधीच वारले होते, सुटले!) हेलियमची रेषा तर १८६८ मध्ये सूर्यप्रकाशात दिसली, पृथ्वीवर तो वायू सापडला १८९५ मध्ये. तारे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे असतात हेही खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये वर्णपटावरूनच दाखवलं. म्हणजे ज्या पद्धतीला थापा म्हणायचं, तिच्याच भरवशावर या मजकुराचं पहिलं वाक्य उभं आहे.

'सगळे सारखेच' हेही चूक. सूर्यात हायड्रोजन-हेलियम सोडून उरतं ते जेमतेम दीड टक्का, पण सगळी गंमत त्यातच आहे. सुमारे १९० प्रकाशवर्षांवरच्या एचडी १४०२८३ या ताऱ्यात लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या साधारण अडीचशेव्या हिश्श्याइतकं आहे. त्याहून बोलकं असतं ते मॅग्नेशियम आणि लोखंडाचं गुणोत्तर. प्रचंड तारे अल्पायुषी. ते लवकर फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम उधळतात. लोखंडाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या विझलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून, बऱ्याच उशिरा येतो. म्हणून लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असलेला तारा बहुधा हे उशिराचं लोखंड मिसळण्याआधीच्या वायूतून जन्मलेला असतो. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाहेरच्या थरात तो मूळ वायू जवळजवळ तसाच टिकतो.

आणि शेजारी म्हणजे इथलेच, असं कुणी सांगितलं? काप्टेनचा तारा जेमतेम १३ प्रकाशवर्षांवर आहे, पण आकाशगंगेच्या केंद्राभोवती उलटा, सूर्याच्या विरुद्ध दिशेने फिरतो. अशा जवळच्या, वेगळ्या चालीच्या ताऱ्यांचे मॅग्नेशियमवरून दोन गट पडतात, हे २०१० मध्ये निसेन आणि शुस्टर या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं. २०१८ मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि चाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांनी उलगडा केला: त्यांतला एक गट, सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा (दुसऱ्या आकाशगंगेचा) आहे.

रसायन म्हणजे घड्याळ नव्हे, एवढं मात्र मान्य. वय वेगळ्या मार्गाने काढावं लागतं. शिवाय फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांत आतला माल वर येतो, तेव्हा त्यांचं कार्बन-नायट्रोजन जन्मवेळचं समजून चालत नाही.