तू बघच, तुला आवडेल

नव्वदच्या दशकातला आवडता चित्रपट एकट्याने पुन्हा बघणे हे निर्धोक सुख आहे. परंतु तोच चित्रपट, ज्याने तो कधीही पाहिलेला नाही अशा माणसाला शेजारी बसवून दाखवणे ही तोंडी परीक्षा असते आणि तिच्यात परीक्षार्थी आपण असतो. तो पडद्याकडे बघतो आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे. विनोद जवळ आला की आपला श्वास अडकतो, विनोद येतो, निघूनही जातो, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आणि मग संवादलेखनाची सगळी जबाबदारी आपल्यावरच असल्याप्रमाणे आपण ओशाळून म्हणतो, "अजून पुढे आहे." एरवी ज्या चित्रपटात काडीचाही दोष आढळला नव्हता, त्यातली पार्श्वसंगीताची घणघण, नायकाची ढगळ पॅन्ट आणि बर्फात पातळ साडी नेसून हसतमुखाने गाणारी नायिका हे सारे नेमके त्याच संध्याकाळी डोळ्यांत खुपू लागते.

माझा भाचा हा असा प्रेक्षक आहे. मुलगा गुणी आहे, थोरांचा मान राखणारा आहे आणि त्यामुळेच अधिक धोकादायक आहे, कारण कंटाळा आला तरी तो उठून जात नाही; "छान आहे, मामा" असे म्हणतो आणि फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतो. एका सुट्टीत त्याला त्या दशकाची ओळख करून देण्याचे मी मनावर घेतले. "तू बघच, तुला आवडेल" हे वाक्य मी उच्चारले, आणि या वाक्यानंतर जगातल्या कोणत्याही कलाकृतीला निभावून नेणे अवघड होते.

आरंभ 'हम आपके हैं कौन'ने करावा असे ठरले. १९९४ सालचा हा चित्रपट तीन तासांहून मोठा आहे आणि त्यात चौदा गाणी आहेत, ही माहिती मी त्याला आधी दिली नव्हती. चौथ्या गाण्याच्या सुमारास त्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "मामा, दीडपट वेगाने लावू का?" मला आधी प्रश्नच कळला नाही. ही मंडळी आता बऱ्याच गोष्टी अशाच बघतात असे त्याने समजावून सांगितले, आणि गणित करून दाखवले की सगळे लग्न, बारसे आणि दुःख सव्वादोन तासांत आटोपेल. मी नकार दिला. जिन्यावरून पडण्याचा जो प्रसंग बघताना आम्ही दरवेळी हातातले काम थांबवतो, तो दीडपट वेगाने कसा दिसेल याची कल्पनाही करवत नव्हती. पुढे शेवटाकडे नायिकेची चिठ्ठी घेऊन टफी नावाचा कुत्रा धावू लागला, तेव्हा मी चोरून त्याच्याकडे पाहिले. तो खरोखरच विचारात पडलेला होता. "एवढ्या श्रीमंत घरात फोन नव्हता का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "फोन केला असता तर कुत्र्याने काय केले असते?" हे उत्तर मला त्या वेळी बिनतोड वाटले होते आणि आजही वाटते. ज्या कुत्र्याने याच चित्रपटात क्रिकेटच्या सामन्याचे पंचपद भूषवले आहे, त्याच्यावर एक चिठ्ठी सोपवायला काय हरकत आहे?

गाण्यांनी घात केला म्हणून पुढच्या खेपेला बिनगाण्यांचा, १९९३ सालचा 'जुरासिक पार्क' लावला. त्यातले डायनासोर दोन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात सुमारे पंधरा मिनिटेच दिसतात, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठेपण आहे: पेल्यातल्या पाण्यावर नुसते वलय उमटते आणि आपल्या पोटात गोळा येतो. परंतु ही पंधरा मिनिटे ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या शेजारी बसून उरलेले सगळे चित्रपटभर पसरलेले पाऊणेदोन तास काढणे म्हणजे काय असते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. "डायनासोर कधी येणार?" या प्रश्नाला मी दरवेळी "आता" असे उत्तर दिले.

रहस्यपटांची कथा तर आणखी करुण आहे. रहस्य ठाऊक असलेला माणूस आणि ठाऊक नसलेला माणूस एकाच सोफ्यावर बसले की पहिल्याचे हाल कुत्रा खात नाही. 'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) सुरू असताना मी चेहरा इतका निर्विकार ठेवला होता की पत्नीने माझी तब्येत विचारली. एवढा निग्रह करूनही चित्रपट रंगात येण्याच्या आत भाच्याने सहज म्हणावे तसे ते रहस्य उच्चारले आणि "बरोबर ना?" अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. (पंचवीस वर्षे उलटून गेली असली तरी मी ते येथे लिहिणार नाही, आमच्या पिढीला काही रीतभात आहे.) मग सूड म्हणून मी 'गुप्त' (१९९७) काढला, कारण त्यातला खुनी ओळखता येणे केवळ अशक्य आहे असा माझा अनुभव होता. नावे पडद्यावर येत असतानाच त्याने फोनवर या चित्रपटाला मिळालेले पुरस्कार वाचले. खलनायकी भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार कोणाला मिळाला हे तेथे स्वच्छ छापलेले असते. खुनी कोण हे गुपित राखण्यासाठी अख्ख्या चित्रपटाने जिवाचे रान करायचे आणि नंतर त्या खुन्यालाच व्यासपीठावर बोलावून बाहुली द्यायची, या व्यवहारातली विसंगती आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही, हे मला कळत नाही.

या सगळ्यात पत्नीची मदत होईल अशी माझी अपेक्षा होती, परंतु तिची अडचण निराळी आहे. तिला हे चित्रपट पाठ आहेत आणि पाठ असलेली गोष्ट मनातल्या मनात म्हणण्याचे तिला वळण नाही. पडद्यावरच्या पात्राने तोंड उघडण्याच्या आधी तिचे वाक्य म्हणून झालेले असते, त्यामुळे पात्रच तिची नक्कल करते आहे असे वाटते. 'ग्राउंडहॉग डे' (१९९३) या चित्रपटात तोच तो दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणारा एक हवामानवृत्त सांगणारा माणूस आहे. शेवटी त्याला प्रत्येकाचे पुढचे वाक्य ठाऊक होते. तो चित्रपट लागला तेव्हा त्या माणसालाही सगळ्यांची वाक्ये पाठ आणि पत्नीलाही पाठ, अशी दोघांची जुगलबंदी झाली. भाचा त्या संध्याकाळी प्रथमच मनापासून हसला, परंतु चित्रपटाला हसला असे मला म्हणवत नाही.

'झपाटलेला'ने (१९९३) थोडी लाज राखली. रामदास पाध्ये यांचा बाहुला चालू लागला तेव्हा फोन उलटा होऊन मांडीवर पडला. तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर हेच 'चौकट राजा'मधला (१९९१) नंदू आहेत, असे मी सांगितले तेव्हा त्याने विश्वासच ठेवला नाही आणि खात्री करून घेण्यासाठी फोन पुन्हा उचलला. तो मग खाली आलाच नाही. 'अशी ही बनवाबनवी' दाखवावा असा आग्रह घरातल्या सर्वांनी धरला होता, परंतु तो १९८८चा असल्याने नियमात बसत नव्हता. हे कोणालाही पटत नाही, आणि तारीख दाखवली तर माणसे तारखेवरच रागावतात.

खरा पेच पडला तो 'अंदाज़ अपना अपना'च्या वेळी. माझ्या लेखी त्या दशकातला सर्वांत श्रेष्ठ विनोदी चित्रपट हाच आहे, आणि भाच्याने तो एखाद्या शोकसभेत बसावे तसा पाहिला. परेश रावल यांनी साकारलेले एकसारखे दिसणारे दोन भाऊ आणि एकमेकींच्या नावाने वावरणाऱ्या दोन मुली यांचा हिशेब लावण्यात त्याची सगळी शक्ती खर्च झाली, हसायला उरली नाही. त्याच्यावर रागवावे तर १९९४ साली चित्रपटगृहांतल्या प्रेक्षकांनीही याहून वेगळे काही केले नव्हते. तेव्हा तो चाललाच नाही, आणि लोकांना तो पुढे घरोघरी, कॅसेटवर आणि दूरचित्रवाणीवर बघताना आवडू लागला. त्याच वर्षीच्या 'द शॉशँक रिडेम्प्शन'चेही असेच झाले. चित्रपटगृहात सुरुवातीला खर्चसुद्धा निघाला नाही, सात ऑस्कर नामांकनांपैकी एकही पदरात पडले नाही, आणि आता तो न आवडणारा माणूस शोधावा लागतो. माझे मत असे झाले आहे की हे चित्रपट पहिल्यांदा बघण्यासाठी नसतातच, ते दुसऱ्यांदा बघण्यासाठी असतात. अडचण एवढीच की पहिली खेप टाळून थेट दुसऱ्या खेपेला बसण्याची सोय अजून निघालेली नाही.

आमची स्वतःची पहिली खेप कशी टळली असेल, याचा मी बराच विचार केला. आम्ही हे चित्रपट रीतसर बघितलेच नव्हते. घरात केबल आली होती, वाहिन्या वाढत होत्या, त्या मानाने चित्रपट थोडे होते, आणि जे लागेल ते जेथून लागले असेल तेथून बघायचे, ही पद्धत होती. आज मध्यंतरानंतरचा भाग, पुढच्या महिन्यात शेवट, कधीतरी पाहुणे वेळेवर गेले तर सुरुवात. "तू बघच" असे आम्हाला कोणीही म्हणाले नव्हते; उलट "बंद करा ते आता" असेच सगळे म्हणत होते.

सुट्टी संपत आली तेव्हा मी नाद सोडून दिला आणि एका दुपारी मी आणि पत्नी आमच्यापुरता 'सूर्यवंशम' बघत बसलो. १९९९ सालचा हा चित्रपट दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा लागला आहे की तो शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. भाचा पाणी प्यायला म्हणून आत चालला होता, तो दारातच थांबला. "हा बाप आणि हा मुलगा एकच माणूस आहे का?" त्याने विचारले. मी मान हलवली. चेहऱ्याकडे बघितले नाही. पत्नीनेही, हे विशेष, तोंडातले वाक्य तोंडातच ठेवले. तो दाराला टेकला, मग सोफ्याच्या हातावर बसला, मग सोफ्यावर. विषाची खीर आली तेव्हा त्याचा फोन कोठे होता हे त्यालाही सांगता आले नसते. शेवट झाला, नावे वर सरकू लागली आणि तो उत्साहाने माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, याची सुरुवात काय आहे?"

मी पत्नीकडे पाहिले, पत्नीने माझ्याकडे पाहिले. "परवा पुन्हा लागेल, तेव्हा बघू," ती म्हणाली. परवा लागलाही, आणि आम्ही तिघे वेळेवर बसायचे ठरवून मध्यंतराच्या जरा आधी बसलो.